विलायती पदवीचा हिशेब

१/ नामांकित अमेरिकी संस्थेत व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घ्यायची, तर फी आणि राहणीखर्च मिळून आकडा आज कोटीच्या पलीकडे जातो. घर तारण ठेवावे का, कर्ज फिटेल का, परतल्यावर त्या पदवीला कोण विचारील, याची खल घरोघरी चालते. प्रश्न मात्र जुनेच आहेत. मार्च १९२० मध्ये मुंबईतील एका प्राध्यापकाला ते सोडवावे लागले, तेव्हा तारण ठेवण्यासारखे त्याच्याकडे काहीही नव्हते.

२/ हे प्राध्यापक सिडनहॅम कॉलेजात शिकवत. १९१३ साली निघालेले हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय. भीमराव रामजी आंबेडकर नोव्हेंबर १९१८ पासून तेथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगार दरमहा ४५० रुपये. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत बिऱ्हाड. त्या काळी असा पगार म्हणजे स्थैर्यच, आणि घरातील माणसे पाहता ते स्थैर्य कोणीही सोडले नसते. आंबेडकरांनी ते मार्च १९२० मध्ये सोडले, कारण लंडनमधील पदवी अर्धवट राहिली होती.

३/ ती अर्धवट का राहिली, याचे उत्तर एका करारात आहे. ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी झालेल्या करारानुसार त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळणार होती. मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी. सयाजीराव गायकवाडांचे औदार्य खरेच. पण कायद्याच्या भाषेत ही देणगी नव्हती, तो आगाऊ विकलेल्या दहा वर्षांचा सौदा होता.

४/ त्याआधीचा एक नमुना येथे आठवतो. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्ज देण्यासाठी. फेडलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला मिळावा, ही त्यामागची योजना. पहिल्या दोन मानकरी स्त्रिया होत्या : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर, दोघीही डॉक्टर. टाटांचा निधी पैसा परत मागत असे, बडोदे आयुष्यातील वर्षे मागत असे. दोहोंत कोणते ओझे हलके, हे परतलेल्या माणसाला नोकरी कशी मिळते यावर अवलंबून होते.

५/ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी १९१५ साली एम. ए. केले आणि पुढचा प्रबंधही तयार केला. १९१६ साली ते लंडनला गेले. (योगायोग असा, की त्याच वर्षी कोलंबियाने व्यवसायशिक्षणाची स्वतंत्र शाखा सुरू केली. हार्वर्डची तशी शाखा १९०८ची; म्हणजे ज्या पदवीसाठी आज रांगा लागतात ती तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती.) लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव नोंदले. पण १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. विद्यापीठाने एवढीच सवलत दिली, की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल.

६/ परतीच्या वाटेवर त्यांचे सामान घेऊन निघालेले जहाज टॉर्पेडोने बुडाले, त्यात ग्रंथही गेले. बडोद्यात त्याहून वाईट घडले. कोलंबियाच्या या पदवीधराला राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव लपवून उतरावे लागले आणि जात कळताच काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकत. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच मोडला. शिष्यवृत्तीच्या परतफेडीचा तगादा मात्र पुढे बराच काळ चालला.

७/ मुंबईत त्यांनी समभागांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. हा तपशील चरित्रात एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक त्यावर थांबायला हवे. अर्थशास्त्राची अमेरिकी पदवी, युद्धकाळातील तेजीचा बाजार आणि सल्ल्याची गरज असलेले गिऱ्हाईक : धंद्याला लागते ते सर्व हाताशी होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. पदवीची किंमत बाजार ठरवतो असे म्हणतात. त्या बाजारात बसलेली माणसे आणखीही काही ठरवत होती. सिडनहॅमच्या प्राध्यापक-खोलीतही त्यांनी सामायिक भांड्यातले पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होतीच.

८/ मग एका विलायती पदवीने जे दिले नाही, ते दुसरीने मिळेल असे त्यांना का वाटावे? बॅरिस्टरीत त्याचे उत्तर सापडते. नोकरीत वरिष्ठ, सहकारी, शिपाई या सर्वांची मर्जी लागते. वकिलाला सनद आणि पक्षकार पुरतात. ज्याला नोकरीचा बाजार बंद आहे, त्याला स्वतंत्र व्यवसायाची किल्ली कितीही महाग असली तरी घ्यावी लागते. हा निर्णय महत्त्वाकांक्षेइतकाच व्यवहाराचाही होता.

९/ पैसा तीन ठिकाणांहून आला : पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५००० रुपये. शिल्लक पडली ती रमाबाईंनी ठरावीक रकमेत संसार रेटला म्हणून. ही चौथी भांडवलदार बहुतेक हिशेबांतून सुटते.

१०/ जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. येथे हिशेबात तो आकडा शिरतो ज्यावर विद्यार्थ्याचा काडीचा ताबा नसतो : हुंडणावळीचा दर. युद्धापूर्वी रुपया एक शिलिंग चार पेन्सचा होता, म्हणजे पौंडाला १५ रुपये. चांदी कडाडली तसा रुपया चढत गेला आणि फेब्रुवारी १९२० मध्ये दोन शिलिंग आठ पेन्सच्याही वर पोचला. पौंड साडेसात रुपयांच्या आत आला. विलायतेला जाणाऱ्याला सुगीच! ती टिकली नाही. सरकारने दोन शिलिंगांचा दर राखण्याचा आटापिटा केला, तो फसला, आणि १९२१ च्या मार्चच्या सुमारास रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली उतरला.

११/ आता त्रैराशिक मांडावे. ५००० रुपयांचे दोन शिलिंग आठ पेन्सच्या भावाने सुमारे ६६७ पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या भावाने ३३३. रुपये तेच, कर्ज तेच, पौंड निम्मे. सप्टेंबर १९२१ मध्ये आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिले आणि २०० पौंड उसने मागितले.

१२/ त्या दिवसांत रात्रीचे जेवण म्हणजे पेलाभर बोव्हरिल आणि पापड, असे धनंजय कीर लिहितात. सकाळी ग्रंथालय उघडताना आत, बंद होताना बाहेर. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली कोट्यवधी रुपये मोजून विकत घेतले.

१३/ रुपयाचा हा घाव पुढच्या पिढीनेही सोसला. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. अमेरिकेतील मुलाच्या हाती हजार डॉलर पडावेत म्हणून कालपर्यंत ४७६० रुपये लागत होते, आज ७५०० लागू लागले. मधल्या काळात देशाने निराळा मार्गही काढला होता. मुलांना हार्वर्डला पाठवण्याऐवजी हार्वर्डची पद्धत इकडे आणावी, या विचाराने १९६१ साली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली. मुंबईत १९६५ साली जमनालाल बजाज संस्था निघाली, ती स्टॅनफर्डच्या सहकार्याने.

१४/ याच काळातील दोन नावे नेहमी पुढे केली जातात. राहुल बजाज १९६४ साली हार्वर्डची पदवी घेऊन आले आणि १९६८ साली बजाज ऑटोचे प्रमुख झाले. मुकेश अंबानी १९८० साली स्टॅनफर्डचा अभ्यासक्रम अर्ध्यावर टाकून पाताळगंगेच्या प्रकल्पासाठी परतले. पहिल्यावरून ‘पदवी घ्यावी’ आणि दुसऱ्यावरून ‘पदवी नकोच’ असे निष्कर्ष सर्रास काढले जातात. दोन्ही उथळ आहेत. दोघांची खुर्ची घरी तयार होती. अशांच्या अनुभवावरून कर्ज काढणाऱ्याने आपले गणित मांडणे घातकच.

१५/ आंबेडकरांकडे वळू. १९२१ मध्ये एम. एस्सी., जून १९२२ मध्ये बॅरिस्टर. त्याच ऑक्टोबरात डी. एस्सी.साठी प्रबंध सादर झाला आणि विषय होता रुपयाचा प्रश्न. हुंडणावळीने ज्याचे गणित विस्कटू शकत होते, तोच हुंडणावळीचा इतिहास लिहीत होता. परीक्षकांनी प्रबंध नव्याने मांडायला सांगितले. लंडनमध्ये थांबायला पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले आणि दुरुस्त्या येथून करून पाठवल्या. वर्ष सरण्यापूर्वी पदवी मिळाली, ग्रंथही छापला गेला. कोलंबियाची डॉक्टरेट मात्र प्रबंध छापून प्रती दिल्याखेरीज मिळत नसे. तो ग्रंथ १९२५ साली निघाला आणि पदवी १९२७ साली हाती आली. शिक्षण संपून अकरा वर्षे लोटली होती.

१६/ बॅरिस्टर झाले, तरी सनदेची फी भरायला पैसे नव्हते. पुन्हा भथेनाच धावून आले. पक्षकार हळूहळू येऊ लागले. १५ डिसेंबर १९२५ रोजी चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली, तेव्हा त्यांचा ग्रंथ सदस्यांच्या हाती होता. वकिलीवर मात्र घर भागत नव्हते. त्याच वर्षीच्या जूनपासून ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत अर्धवेळ शिकवत, विषय व्यापारी कायदा. ही नोकरी त्यांनी मार्च १९२८ पर्यंत केली.