औषधदान आणि सोलापूरचा श्रावक

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. औषधाला अन्नाच्या पंक्तीस बसविणारा धर्म उपचाराविषयी उदासीन असणे शक्यच नव्हते. त्याचा आग्रह एवढाच होता की औषध कशापासून सिद्ध झाले, याची विचारणा करूनच ते घ्यावे.

या आग्रहाला शास्त्राचे रूप दिले उग्रादित्याचार्यांनी. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, त्यांनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ सिद्ध केला. चरक-सुश्रुतांच्या संहितांत मांसरस, मद्य व मध यांचे प्रयोग आढळतात. ती तिन्ही वर्ज्य करून चिकित्सा सांगणारा हा ग्रंथ. मांससेवन निरर्थक असल्याचे उग्रादित्यांनी राजसभेत वैद्यांपुढे प्रतिपादिले. हाच ग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह १९४० साली प्रकाशित झाला तो सोलापुरात, सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून. सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी पैसा कोठे लावला, हे यावरून कळावे.

घरोघरी मात्र ग्रंथ नव्हता. तेथे आरोग्यशास्त्र सांभाळले सासू-सुनांनी. पाणी दुहेरी कापडातून गाळावे, सूर्यास्तापूर्वी जेवावे. हेतू जीवरक्षेचा, पण लाभ देहालाही झाला. पायविहिरींच्या पाण्यातील सूक्ष्म जीवांवाटे नारू होत असे. पुढे शासनाच्या नारू निर्मूलन मोहिमेनेही पाणी कापडातून गाळण्यासच सांगितले, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. अर्थात, कापडावरचे जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडण्याची श्रावकांची रीत त्या मोहिमेला मानवली नसती!

प्रत्येक नियमाचा जमाखर्च असा जुळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धाची साखर रात्री उतरते, तो पाण्याचा थेंबही घेत नाही, आणि मुले हतबल होऊन उशाशी बसतात. शास्त्राने त्याग व तप शक्तीनुसारच सांगितले आहे, हे अशा वेळी विसरले जाते. आचार्य शांतिसागर महाराजांनी दृष्टी मंदावल्यावर १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. पण त्या महामुनींचा दाखला संसारी गृहस्थाच्या गोळीला लावणे उचित नव्हे.

कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. हे कळल्यापासून वनस्पतिजन्य आवरणाची चौकशी करणारे श्रावक औषधांच्या दुकानांत दिसतात. ते न मिळाल्यास आतील पूड तेवढी घेता येईल का, असे ते डॉक्टरांना विचारतात. काही औषधांना डॉक्टर होकार देतात, काहींना नाही.