सुटकेनंतरचा कायदा

लैंगिक शोषणासाठी होणाऱ्या मानवी तस्करीचा कायदा शिकायला बसलेला विद्यार्थी बहुधा छाप्यापासून सुरुवात करतो, कारण वर्तमानपत्रात त्याने तेच वाचलेले असते. पोलिसांना खबर लागली, बनावट गिऱ्हाईक पाठवले, खुणेच्या नोटा हस्तगत झाल्या, घरवाली आणि दलाल अटकेत, इतक्या मुलींची सुटका. बातमी तिथे संपते. जिची सुटका झाली तिच्या दृष्टीने मात्र कायद्याशी गाठ पडायला आता कुठे सुरुवात झालेली असते. पुढची वर्षे ती कुठे राहील, मूल कोणाकडे असेल, गावी काय कळेल, हे सगळे अजून ठरायचे असते. या पुस्तकातले लेख तिथून पुढचे आहेत. नव्याने या कामात येणारे वकील, समाजकार्याचे विद्यार्थी, परिवीक्षा अधिकारी, पोलीस आणि पत्रकार या सर्वांचे मनापासून स्वागत करतो, आणि स्वागताबरोबर एक आग्रहही धरतो: अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा हातात घ्याल तेव्हा कुंटणखाना चालवण्याच्या शिक्षेचे कलम ३ क्षणभर बाजूला ठेवा. आधी कलम ६ वाचा, मग कलम १७.

तिथे जाण्यापूर्वी थोडा इतिहास. १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा सैनिकांच्या प्रकृतीच्या काळजीतून आला. त्यात स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होती. त्या या धंद्यात कशा पोचल्या याची चौकशी नव्हती. १८८८ मध्ये तो रद्द झाला. १९१७ मध्ये मुंबईत डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात पळून जाऊ पाहणाऱ्या स्त्रीला पकडून आणले गेले आणि तिचा छळ करून खून झाला. त्या खटल्याने डांबून ठेवण्याची सारी रीत शहरासमोर आणली, आणि त्यानंतरच्या वर्षांत वाढत गेलेल्या लोकमताच्या दबावातून १९२३ चा मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यापुढे भाषण करून हे जीवन सोडण्याचे आवाहन केले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच वाक्यात मनाई केली. हे शेजार महत्त्वाचे आहे. त्याकडे आपण परत येऊ.

भारताने मे १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, आणि त्याच्या पूर्ततेसाठी १९५६ चा कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम झाले. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सगळे त्याला ‘पीटा’ म्हणतात. नव्या वाचकाला एक गोष्ट बहुतेक वेळा ठाऊक नसते: प्रौढ स्त्रीने स्वतः देहविक्रय करणे हा या कायद्याखाली मुळात गुन्हाच नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, कोणाला या धंद्यात आणणे, डांबून ठेवणे हे गुन्हे आहेत. पण त्याच कायद्याचे कलम ८ सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणाऱ्या स्त्रीला शिक्षा सांगते, आणि कलम २ मधल्या व्याख्येप्रमाणे दोन स्त्रियांनी परस्परांच्या फायद्यासाठी वापरलेली खोलीही कुंटणखाना ठरते. म्हणजे दलालाच्या जाचातून सुटण्यासाठी दोघींनी मिळून भाड्याने खोली घेतली, तर त्या कायद्याच्या नजरेत पीडिता राहत नाहीत, आरोपी होतात. संरक्षण आणि शिक्षा एकाच कागदावर आहेत, आणि कोणत्या स्त्रीच्या वाट्याला काय येईल हे बऱ्याचदा छाप्याच्या रात्री लिहिल्या गेलेल्या पहिल्या कागदावरून ठरते.

आता कलम ६. हे कलम स्त्रीला डांबून ठेवण्याविषयी आहे, आणि त्याचे तिसरे उपकलम सावकाश वाचण्यासारखे आहे. स्त्रीने तिथेच राहावे या हेतूने कोणी तिचे दागिने, कपडे, पैसे किंवा अन्य चीजवस्तू अडकवून ठेवल्या, अथवा उसने दिलेले दागिने-कपडे घेऊन गेलीस तर कोर्टात खेचीन अशी धमकी दिली, तर त्याने तिला डांबून ठेवले आहे असे कायदा गृहीत धरतो. चौथे उपकलम आणखी पुढे जाते. डांबून ठेवणाऱ्याला तिच्याकडून कपडे, दागिने किंवा येणे असलेली म्हणून सांगितलेली रक्कम वसूल करण्यासाठी कोणताही दावा किंवा फिर्याद करता येत नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांना कुंटणखान्यातली पत्र्याची पेटी ठाऊक होती. दाराला कुलूप नसले तरी बाई का जात नाही याचे उत्तर त्या पेटीत आणि घरवालीच्या हिशोबाच्या वहीत असते, हे त्यांनी ओळखले होते.

प्रत्यक्षात काय घडते? पंचनाम्यात खुणेच्या नोटा येतात, मोबाइल येतात, निरोधची पाकिटे येतात. पेटी येत नाही. तिच्यात चार साड्या, एखादे मंगळसूत्र, आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला आणि घरवालीकडे ‘ठेवायला’ दिलेल्या पैशांची चिठ्ठी असते. स्त्री नेसत्या वस्त्रानिशी गाडीत बसते. सुटकेनंतर स्त्रिया परत का जातात यावर मानसशास्त्रीय चर्चा पुष्कळ होते आणि ती आवश्यकही आहे. पण कित्येक जणी आधी आपल्या वस्तू, आपले पैसे आणि आपले मूल आणायला परत जातात. झडतीच्या वेळी तिची पेटी तिच्या ताब्यात देणे, तिच्या पैशांची नोंद घेणे, हे करायला नवा कायदा लागत नाही. कलम ६ चा आधार पुरेसा आहे. माझ्या मते पुनर्वसनाची पहिली पायरी हीच, आणि ती सर्वांत जास्त चुकते.

इथे अनुच्छेद २३ मधल्या वेठबिगारीचा संबंध येतो. १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्याने बांधील कर्ज सरळ नष्ट केले. कुंटणखान्यात विकल्या गेलेल्या मुलीच्या डोक्यावर तिला विकत घेतल्याची रक्कमच कर्ज म्हणून चढवलेली असते. ती फिटेपर्यंत तिच्या हाती काही पडत नाही. ही वेठबिगारी नव्हे तर काय? केंद्र सरकारच्या २०१६ च्या वेठबिगार पुनर्वसन योजनेने कुंटणखान्यातून सोडवलेल्या स्त्रिया आणि मुलांसाठी ३ लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद केली. त्यासाठी वेठबिगार म्हणून नोंद व्हावी लागते. पीटाखाली खटला चालवणाऱ्या किती वकिलांनी त्यासाठी जिल्हा प्रशासनाकडे अर्ज केला असेल? श्रमाचा कायदा शिकणारे एका वर्गात बसतात, स्त्रियांचे कायदे शिकणारे दुसऱ्या. संविधानाने जे एका वाक्यात ठेवले ते आपण अभ्यासक्रमात वेगळे केले.

कलम १७ कडे येऊ. सुटका झालेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यापुढे नेले जाते. दंडाधिकारी तिचे म्हणणे ऐकतो, परिवीक्षा अधिकाऱ्याकडून तिचे वय, पूर्वायुष्य आणि आई-वडील, पालक किंवा नवरा तिचा ताबा घ्यायला योग्य आहेत का याची चौकशी करवतो, आणि आवश्यक वाटल्यास १ ते ३ वर्षे संरक्षण गृहात ठेवण्याचा आदेश देतो. मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ बोलावण्याची सोय आहे. शक्य असेल तिथे त्यात तिघी स्त्रिया असाव्यात. कागदावर ही रचना विचारी आहे. पण घराच्या चौकशीसाठी सरकारी माणूस मुर्शिदाबादच्या किंवा विजापूरच्या एखाद्या खेड्यात पोचतो, शेजारी विचारतात ‘कोण आलंय, कशासाठी?’, आणि चौकशी संपण्याआधीच मुलीची घरी परतण्याची वाट बंद होते. शिवाय ज्या घराची योग्यता तपासायची, त्या घरातल्याच कोणी तिला दलालाच्या हवाली केलेले असू शकते. सांभाळून बोलणारा, खोटे कारण न सांगताही खरे कारण गुप्त ठेवणारा परिवीक्षा अधिकारी या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत मोलाचा माणूस आहे. त्याच्या प्रशिक्षणाकडे आपण सर्वांत कमी पाहतो.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर मार्ग वेगळा: बालकल्याण समिती, बाल न्याय अधिनियम २०१५ आणि मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पोक्सो कायदा. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर ही विभागणी स्पष्ट केली, आणि कुंटणखाना चालवणाऱ्याच्या वकिलाला त्याच खटल्यात पीडितेच्या वतीने उभे राहता येणार नाही असेही बजावले. हे सांगावे लागले, यावरून तोवर काय चालत होते ते समजते. वयाचा पुरावा कायद्याने क्रमवार सांगितला आहे: आधी शाळेचा किंवा मंडळाचा दाखला, नंतर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि हे नसेल तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्या फरकात मुलगी बालगृहात जायची की महिला संरक्षण गृहात हे ठरते.

प्रौढ स्त्रीच्या संमतीचा वाद या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत कडवट वाद आहे. गरिबी आणि जात यांनी घेरलेल्या स्त्रीची संमती ही संमतीच नव्हे, असे एक बाजू म्हणते. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची सांगलीतून उभी राहिलेली संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणते, आमच्याविषयी ठरवताना आम्हाला विचारा. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले, तेव्हा आधीच्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत वेश्याव्यवसाय हाच शब्द होता. संसदेने संमत केलेल्या मजकुरात तो जाऊन ‘कोणत्याही प्रकारचे लैंगिक शोषण’ असे शब्द आले. आज भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ तोच धागा पुढे नेते, आणि तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडितेची संमती गैरलागू मानते. मग २०२० चा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कसा वाचायचा? न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी दंडाधिकाऱ्याने संरक्षण गृहात पाठवलेल्या तीन प्रौढ स्त्रियांना मुक्त केले. त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना अडकवता येणार नाही असे म्हटले. दोन्हींत विसंगती नाही. तस्कराला शिक्षा करताना तिची संमती पाहायची नाही. तिला कुठे ठेवायचे हे ठरवताना मात्र तिलाच विचारायचे. बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नेमलेल्या समितीपुढे तिन्ही कामे एकत्र ठेवली होती: तस्करी रोखणे, ज्यांना बाहेर पडायचे आहे त्यांचे पुनर्वसन, आणि ज्यांना तिथेच राहायचे आहे त्यांना सन्मानाने जगता येईल अशी परिस्थिती. मी स्वतः या तिहेरी मांडणीच्या बाजूने आहे. मात्र प्रौढ स्त्रीला विचारायचे ते पोलिसांपासून आणि घरवालीपासून दूर, तिच्या भाषेत, आणि एकदाच नव्हे. पहिल्या रात्रीचे ‘मला परत जायचंय’ हे भीतीचे असू शकते. दहा दिवसांनंतरचे तेच वाक्य वेगळे असते.

पुनर्वसनाचे सर्वांत टिकाऊ प्रयोग कायद्याच्या पुस्तकाबाहेर झाले. कामाठीपुऱ्यात प्रेरणाने १९८८ मध्ये रात्रीचे पाळणाघर सुरू केले, कारण आई कामावर असते तेच तास मुलासाठी सर्वांत धोक्याचे असतात. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, आणि सीमाभागातल्या गावांतून मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांकडे जाणारी वाट त्या चळवळीने उघड केली. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा यायला त्यानंतर तीस वर्षे लागली. तस्करीतून सुटलेल्यांच्या पुनर्वसनाची केंद्राची २००७ ची उज्ज्वला योजना आता शक्ती सदनांत सामावली आहे. शिलाईयंत्र आणि पापड-लोणच्यांच्या पलीकडे तिथल्या प्रशिक्षणाचा विचार क्वचितच जातो. मुलीला काय शिकायचे आहे हे विचारून सुरुवात केली तर चित्र बदलते, असे या पुस्तकातले तीन लेख दाखवतात.

खटल्यांविषयी एवढेच सांगतो की साक्षीदार फितूर होतात तेव्हा दोष साक्षीदाराच्या माथी मारू नये. नेपाळला किंवा बांगलादेशात परतलेल्या मुलीला पाच वर्षांनी समन्स पाठवून मुंबईला या म्हणणे ही दुसरी शिक्षा आहे. दूरदृश्य साक्षीचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मोकळा केला. तो वापरण्याचा अर्ज सरकारी वकिलाने वेळेत केला पाहिजे. दरम्यान धंदा गल्लीतून लॉजवर, मसाज पार्लरमध्ये आणि मोबाइलवर गेला आहे. खोली आणि पत्ता डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला १९५६ चा कायदा त्याला कसा पुरणार, हा प्रश्न आजच्या तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावा. जिल्हा न्यायालयांतली निकालपत्रे आणि कलम १७ खालचे आदेश यांचा पद्धतशीर अभ्यास मराठीत जवळजवळ झालेला नाही.

तो करताना ओळख लपवण्याचा नियम अक्षरशः पाळावा लागेल. कायदा पीडितेचे नाव आणि तिची ओळख पटवणारा तपशील छापायला मनाई करतो. अनुभव असा की नाव वगळूनही माणूस ओळखू येतो: तालुका, जात आणि मुलाची शाळा या तीन गोष्टी एका परिच्छेदात आल्या की गावातल्या कोणालाही पुरतात. म्हणून या पुस्तकातल्या प्रकरणांत गाव, वय आणि सुटकेचे वर्ष बदलले आहे, आणि ज्या स्त्रिया संपर्कात आहेत त्यांना मजकूर वाचून दाखवून मगच तो छापला आहे. दोघींनी नकार दिला. ती दोन प्रकरणे काढून टाकली.