एक नाव, चार ग्रँट

नाशिकहून मुंबईस वैद्यकी शिकावयास जाणारा विद्यार्थी ग्रँट मेडिकल कॉलेजाचे नाव ऐकतो. मराठ्यांचा इतिहास हाती घेतला, की ग्रँट डफ भेटतो. आणि न्यायमूर्ती रानडे यांचे चरित्र उघडले, की आणखी एक ग्रँट साहेब पुढे येतो. हे सारे एकच गृहस्थ, अशी समजूत सहज होते. परंतु प्रत्येक शिंदे जसा महादजींच्या घरचा नसतो, तसाच प्रत्येक ग्रँटही एका घरचा नव्हे. ग्रँट हे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील, स्पे नदीकाठच्या एका मोठ्या कुळाचे नाव होय.

पहिला जेम्स ग्रँट. तो 1818 ते 1822 पर्यंत साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. ‘डफ’ हे नाव त्याने मागाहून, स्वदेशी मातुल घराण्याची मालमत्ता मिळाल्यावर जोडले. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली तीन भागांत निघाला.

दुसरा सर जॉन पीटर ग्रँट, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश. पुण्याच्या मोरो रघुनाथ नामक मुलास कोर्टापुढे आणावे, असा हुकूम या कोर्टाने काढला. पुण्यावर कोर्टाचा अधिकार चालत नाही, असे गव्हर्नर माल्कमचे म्हणणे पडले. हुकूम बजावला जाईना, तेव्हा 1829 साली ग्रँटने कोर्टच बंद ठेवले. अखेर विलायतेत निकाल मात्र त्याच्या विरुद्ध लागला.

तिसरा सर रॉबर्ट ग्रँट. बंगालात जन्मलेला हा गृहस्थ 1835 साली मुंबईचा गव्हर्नर झाला व 1838 साली दापोडीस वारला. एतद्देशीयांस वैद्यकी शिकविण्याचा त्याचा संकल्प 1845 साली कॉलेजाच्या रूपाने सिद्धीस गेला. डॉक्टर भाऊ दाजी लाड तेथलेच. ग्रँट रोड हे नावही याच ग्रँटचे.

चौथा सर अलेक्झांडर ग्रँट, एल्फिन्स्टन कॉलेजाचा प्रिन्सिपॉल. नाशिक जिल्ह्यातील निफाडास 1842 साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे त्याचे विद्यार्थी. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यास इंग्रजी अमलाहून सरस ठरविले, म्हणून ग्रँटने त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. पुढे 1868 साली हा ग्रँट एडिंबरो विद्यापीठाचा प्रमुख झाला.

ग्रँट डफने मराठ्यांच्या उदयास सह्याद्रीच्या रानातील वणव्याची उपमा दिली होती. वणवा अवचित पेटतो. त्यामागे कोणाची तयारी नसते. 1900 साली रानड्यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात हे मत खोडून काढले. संतांच्या शिकवणीने व सर्व थरांतील लोकांच्या जागृतीने ती भूमी आधीच तयार झाली होती, असे त्यांनी दाखविले. एका ग्रँटच्या हाताखाली निफाडचा हा मुलगा शिकला आणि शिक्षाही त्याच्याच हातची सोसली. उत्तर दिले ते दुसऱ्या ग्रँटला. दोघांस एकच मानले, तर ही सारी हकीकत हातची निसटते.