नवजात शिशूंचा धनुर्वात आणि सेवाभावी क्लबांचा निधी

मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. पाथरी आणि परभणी यांच्या दरम्यान, कल्याण-निर्मल महामार्गावर ते वसले आहे. या भागातील जुन्या पिढीतील एखाद्या आजीबाईला विचारले, तर एका आजाराचे वर्णन ती नाव न घेता करील. बाळ धडधाकट जन्मास आले, पहिले दोन दिवस अंगावर नीट प्याले, आणि मग अकस्मात त्याने दूध ओढणे सोडले. जबडा बसला. जरा स्पर्श झाला, दिवा लावला, की अंग धनुष्यासारखे ताठ होई. आठवडा-पंधरवड्यात सारे संपे. पाचवीच्या पूजेच्या आगेमागेच हे घडत असल्याने सटवाईने कपाळी लिहिले तेच झाले, अशी समजूत करून घेतली जाई आणि पुढच्या बाळंतपणाची वाट पाहिली जाई.

हा आजार म्हणजे नवजात शिशूचा धनुर्वात होय. सेवाभावी क्लबांनी या आजारासाठी जगभर निधी उभारला, त्यावरून ख्रिस्तसभेतही एकदा मोठा वाद झाला, आणि त्या वादाचे पडसाद अजूनही अधूनमधून भ्रमणध्वनीवरील संदेशांतून आपल्या भाविकांपर्यंत येत असतात. म्हणून या विषयाची साधार माहिती एकत्र देत आहोत.

आजाराचे स्वरूप

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. नाळ कापण्यासाठी वापरलेला विळा किंवा जुने पाते, नाळ बांधण्याचा मळका दोरा, नाळेवर लावलेली राख वा शेण यांतून ते बाळाच्या शरीरात शिरतात. तेथे ते जे विष निर्माण करतात, ते मज्जातंतूंवर आघात करते. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली या विषावरचा उतारा रक्तात तयार होतो हे दाखवून दिले. लसीचा मार्ग त्यातूनच पुढे खुला झाला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. देवी किंवा पोलिओ हे रोग माणसाकडून माणसाकडे जातात. म्हणून सर्वांना लस दिली, की रोगाला राहावयास घर उरत नाही. धनुर्वाताचे तसे नाही. त्याचे घर माती आहे. शेजारच्या शंभर बायकांनी लस घेतली म्हणून एकशे एकाव्या बाईच्या बाळाला संरक्षण मिळत नाही. यास्तव या रोगाचे समूळ उच्चाटन शक्य नाही. 'निर्मूलन' हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरतात : देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात, वर्षाला दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. ही पातळी गाठली तरी काम थांबवता येत नाही.

बाळाला वाचविण्याचा उपाय बाळाच्या जन्माआधीच करावा लागतो. मातेला लस दिली, की तिच्या रक्तात तयार झालेले संरक्षक द्रव्य वारेतून गर्भाला मिळते आणि जन्मानंतरचे पहिले काही आठवडे बाळ सुरक्षित राहते. मातेचेही प्रसूतीनंतरच्या धनुर्वातापासून रक्षण होते. त्याच्या जोडीला सुइणींना शिकवली जाणारी 'पाच स्वच्छता' : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि कापलेल्या नाळेवर काहीही न लावणे.

किवानिस आणि एक डॉलर ऐंशी सेंट

जागतिक आरोग्य परिषदेने १९८९ साली नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाचा ठराव केला आणि त्यासाठी १९९५ ही मुदत घातली. आदल्या वर्षी, म्हणजे १९८८ मध्ये, जगात सुमारे ७,८७,००० नवजात बालके या आजाराने दगावली असावीत असा अंदाज होता. मुदत टळली. पुढे १९९९ साली युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी या तिघांनी मातांच्या धनुर्वाताचाही समावेश करून मोहीम नव्याने हाती घेतली. (लोकसंख्या निधीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढील वादाशी त्याचा संबंध आहे.) राहिलेले देश गरीब, दुर्गम किंवा युद्धग्रस्त होते आणि पैसा अपुरा पडत होता.

या टप्प्यावर किवानिस हा सेवाभावी क्लब पुढे आला. आपल्याकडे रोटरी आणि लायन्स ही नावे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. किवानिस मात्र फारसा परिचित नाही. १९१५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात त्याची स्थापना झाली आणि बालकांची सेवा हे त्याने आपले मुख्य कार्य मानले. नव्वदच्या दशकात त्याने युनिसेफबरोबर आयोडीनच्या कमतरतेविरुद्ध निधी उभारला होता. २०१० साली त्याने युनिसेफच्याच साथीने 'एलिमिनेट प्रोजेक्ट' जाहीर केला. लक्ष्य होते ११ कोटी डॉलर, मुदत २०१५.

या मोहिमेचा सारा भर एका आकड्यावर होता : एक डॉलर ऐंशी सेंट. त्या वेळच्या दराने ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. एवढ्या रकमेत एका स्त्रीला लसीच्या तीन मात्रा मिळतात, असे सभासदांना सांगण्यात आले. यात लसीची किंमत थोडीच. सुया, शीतपेट्या, वाहतूक, परिचारिकांचे प्रशिक्षण आणि वापरलेल्या सुयांची विल्हेवाट हा खर्च त्याहून मोठा. १,२५० डॉलर देणाऱ्यास वॉल्टर झेलर या जुन्या सभासदाच्या नावाचा सन्मान दिला जाई. भागाकार करून पाहिल्यास ती रक्कम सुमारे सातशे स्त्रियांच्या लसीकरणाची होते. शाळकरी मुलांच्या 'की क्लब'नेही घरोघरी फिरून पैसे जमवले. अनेकांनी रोख न देता काही वर्षांत देण्याचे वचन दिले होते, त्यामुळे २०१५ नंतरही रकमा येत राहिल्या.

प्रस्तुत लेखकाला या रचनेत एक गुण आणि एक दोष दिसतो. दिलेल्या पैशाचे नेमके काय होते, हे दात्याला कळते, हा गुण. आपल्या चर्चमधील अनेक दानपेट्यांबाबत तेवढेही सांगितले जात नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दोष असा, की 'एकदा दिले, रोग संपला' अशी भावना दात्याच्या मनात उरते. आणि हा रोग तर वर सांगितल्याप्रमाणे मातीतच राहणारा आहे.

केनियातील वाद

नोव्हेंबर २०१४ मध्ये केनियाच्या कॅथलिक बिशपांनी तेथील धनुर्वात लसीकरण मोहिमेवर जाहीर आक्षेप घेतला. लसीमध्ये गर्भधारणेशी संबंधित एचसीजी हे संप्रेरक मिसळले असून स्त्रियांना नकळत वंध्य केले जात आहे, असा त्यांचा संशय होता. केवळ १४ ते ४९ वयाच्या स्त्रियांनाच लस का? पाच मात्रा कशासाठी? एवढी गुप्तता का? हे त्यांचे प्रश्न होते. गरोदर मातांना नेहमी दिल्या जाणाऱ्या धनुर्वाताच्या लसीला आपला विरोध नाही, हेही त्यांनी सांगितले होते. पण पुढे पसरलेल्या संदेशांतून हे वाक्य गळून पडले.

हा संशय केवळ कल्पनेतून निघालेला नव्हता. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी एचसीजीवर आधारित गर्भनिरोधक लसीचे संशोधन केले होते आणि तिच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्धही झाले. त्या प्रायोगिक लसीत धनुर्वाताचे निर्विष केलेले द्रव्य वाहक म्हणून जोडलेले होते. यावरून नव्वदच्या दशकातच मेक्सिको, फिलिपिन्स आदी देशांत अफवा उठल्या. परंतु एखाद्या वेगळ्या लसीत धनुर्वाताचे द्रव्य वापरले, म्हणून धनुर्वाताच्या लसीत ते संप्रेरक आहे असे होत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी आरोप फेटाळला. ज्या चाचण्यांच्या आधारे संप्रेरक सापडल्याचे सांगितले गेले, त्या रक्त आणि लघवी तपासण्यासाठी बनवलेल्या होत्या. लसीच्या द्रवासाठी त्या विश्वासार्ह नाहीत, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. स्त्रियाच का, याचे उत्तर या लेखात आधीच येऊन गेले आहे : बाळाचे रक्षण मातेकडूनच होते. पाच मात्रा ही पूर्वी कधीच लस न घेतलेल्या स्त्रीला दीर्घकालीन संरक्षण देणारी सर्वमान्य योजना आहे. २०१८ साली केनियात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित करण्यात आले.

प्रश्न विचारणे हा बिशपांचा अधिकार होता, आणि लोकसंख्या-नियंत्रणाच्या नावाने गरीब देशांत झालेल्या गैरप्रकारांचा इतिहास पाहता तो अस्थानी नव्हता. उत्तर मिळाल्यावरही तोच संशय वर्षानुवर्षे फिरवीत राहणे, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याची किंमत ज्या बाळाला मोजावी लागते, त्याला बोलता येत नाही.

सेवाभावी क्लबांविषयी ख्रिस्तसभेला पूर्वीही शंका होती. डिसेंबर १९५० मध्ये रोमच्या पवित्र कार्यालयाने धर्मगुरूंना रोटरीचे सभासद होण्यास मनाई केली होती आणि भाविकांनाही सावध केले होते. काळाच्या ओघात ही भूमिका निवळली. जून १९७९ मध्ये रोम येथे भरलेल्या रोटरीच्या अधिवेशनातील प्रतिनिधींना पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्गदर्शन केले. रोटरीने १९८५ पासून पोलिओसाठी केलेले कार्य तर सर्वपरिचित आहे.

भारत, महाराष्ट्र आणि मानवत

एके काळी भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख बालकांना हा आजार होत असे. २०१५ साली नागालँडची पाहणी पूर्ण झाल्यावर संपूर्ण देशात निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. हे यश प्रामुख्याने सरकारी लसीकरण, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांचे आहे. लसही बव्हंशी इथलीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची १९६६ मध्ये सुरुवात झाली तीच घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वात-प्रतिबंधक सीरम बनविण्याने.

महाराष्ट्रात याची पायाभरणी आधीच झाली होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून गावातील निरक्षर स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. सुईण, लस आणि स्वच्छ पाते यांची सांगड तेथे बसली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ६४.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेले.

उरलेल्या पाच-सव्वापाच टक्क्यांत कोण येते? मानवत, पाथरी, सोनपेठ या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांत गरोदर स्त्रिया असतात. गावच्या आशाताईंच्या वहीत नाव असते, पण बाई असते शेकडो किलोमीटर दूर, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. पहिली मात्रा गावी होते, दुसरी राहून जाते.

२०१९ पासून धनुर्वाताच्या जुन्या लसीऐवजी धनुर्वात व घटसर्प यांची संयुक्त 'टीडी' लस सरकारी कार्यक्रमात दिली जाते. गरोदरपण कळताच पहिली मात्रा, चार आठवड्यांनी दुसरी. मागील तीन वर्षांत दोन मात्रा झाल्या असतील, तर एकच वर्धक मात्रा पुरते. मुलामुलींना दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही ती मिळते. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ते कारखान्याच्या गावचे का असेना, ही लस विनामूल्य आहे. फडावर निघताना माता व बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात घ्यावे आणि पोहोचल्यावर तेथील आशाताईंना दाखवावे. पहिल्या मात्रेची तारीख त्यावर असते.