मुशीतून कुपीत : सोन्या-चांदीच्या अब्जांश कणांचे कलिल

सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण-खटाव हा पट्टा दुष्काळी म्हणून जसा परिचित आहे, तसाच तो गलाई व्यवसायासाठीही ओळखला जातो. पावसाने पाठ फिरवलेल्या या गावांतील असंख्य कुटुंबांनी देशभरातील सराफ पेठांत भट्ट्या थाटल्या. जुन्या दागिन्यांतून शुद्ध सोने व चांदी वेगळी काढणे हे त्यांचे काम. विशेष म्हणजे, या भट्टीवरील रसायनशास्त्र आणि आधुनिक प्रयोगशाळेतील धातूंच्या अब्जांश कणांचे, म्हणजेच नॅनोकणांचे, रसायनशास्त्र यांत फार थोडे अंतर आहे.

एकच क्रिया, दोन फळे

गलाईत सोन्यात मुद्दाम चांदी वाढवून सोन्याचा अंश सुमारे एक चतुर्थांशावर आणतात. नंतर नायट्रिक आम्लात चांदी विरघळते आणि सोने मागे उरते. विरघळलेली चांदी तांब्याच्या पत्र्यावर परत मिळवता येते. अधिक शुद्धता हवी असल्यास सोने अम्लराजात विरघळवून ते क्षपणकाच्या साहाय्याने पुन्हा खाली बसवतात. तेव्हा तळाशी तपकिरी भुकटी जमते आणि मुशीत वितळली की ती पिवळीधमक होते.

अम्लराजात तयार होणारे क्लोरोऑरिक आम्ल आणि चांदीपासून बनणारे सिल्व्हर नायट्रेट हेच नॅनोकणांचेही मूळ पदार्थ आहेत. क्रियाही तीच, क्षपणाची. फरक एवढाच, की गलाईवाल्याला कण एकत्र येऊन खाली बसायला हवे असतात, तर कलिल बनवणाऱ्याला ते वाढण्यापूर्वीच थांबवायचे असतात. हे थांबवणे म्हणजेच कलिलाचे स्थिरीकरण.

सहा गुंठ्यांचा पृष्ठभाग

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पाच नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणात सुमारे ३९०० अणू असतात आणि त्यांपैकी साधारण पाव अणू पृष्ठभागावर असतात. दहा ग्रॅम सोन्याच्या एका घनाकृती तुकड्याचा पृष्ठभाग जेमतेम चार चौरस सेंटिमीटर भरतो. तेच सोने पाच नॅनोमीटरच्या कणांत विभागले, तर एकूण पृष्ठभाग सुमारे ६२० चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांहून अधिक होतो. पृष्ठभागावरील अणूंना सर्व बाजूंनी शेजारी नसल्याने ते अस्वस्थ असतात. म्हणून कण परस्परांना चिकटून हा पृष्ठभाग कमी करू पाहतात.

या चिकटण्याची चाहूल रंगावरून लागते. सोन्याचे १० ते २० नॅनोमीटरचे सुटे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात आणि द्रव माणकासारखा लाल दिसतो. कण जवळ आले की तो जांभळा, मग निळसर होतो आणि अखेरीस गाळ बसतो. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अशा लाल द्रवांचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यासाठी त्यांनी सुवर्णक्षाराच्या जलीय द्रावणावर कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलेल्या फॉस्फरसची क्रिया घडवली होती.

सेंद्रिय द्रावकातील अडचण

पाण्यात कणांना वेगळे ठेवणे तुलनेने सोपे असते. सायट्रेटसारखे ऋणभारित आयन कणांवर बसतात आणि समान भारामुळे कण एकमेकांना दूर लोटतात. १९५१ मध्ये टर्केविच व सहकाऱ्यांनी प्रचलित केलेली सायट्रेट पद्धत याच तत्त्वावर चालते.

टोल्यूइन वा हेक्झेनमध्ये मात्र हा उपाय लागू पडत नाही. पाण्याचा विद्युत्-अपार्यता स्थिरांक ८० च्या आसपास, तर टोल्यूइनचा अवघा २.४ आहे. अशा द्रावकात धन व ऋण भार सहजी विलग होत नाहीत. म्हणून येथे कणांना विद्युत्-भाराऐवजी लांब कार्बन-साखळ्यांचे आवरण द्यावे लागते. साखळीचे एक टोक धातूला घट्ट धरते आणि दुसरे द्रावकात मोकळे राहते. दोन कण जवळ आले की या साखळ्या मध्ये येतात. सोन्यासाठी गंधकयुक्त थायॉल, तर चांदीसाठी थायॉलबरोबरच ओलेइलअमाइनसारखी अमाइने वापरली जातात.

हा खटाटोप करण्याचे कारण व्यावहारिक आहे. सेंद्रिय द्रावकातील कलिले दाट करता येतात, लवकर वाळतात आणि त्यांचा पातळ थर देता येतो. चांदीच्या कणांची विद्युत्-वाहक शाई छापून कमी तापमानात भाजली, की वितळबिंदूच्या कितीतरी खाली कण जुळून वाहक रेघ तयार होते.

तीन रीती

पहिली द्विस्तर रीत ब्रस्ट, शिफ्रिन व सहकाऱ्यांनी लिव्हरपूल येथे १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. पाण्यातील पिवळा सुवर्णक्षार टेट्राऑक्टिलअमोनियम ब्रोमाइडच्या मदतीने टोल्यूइनमध्ये ओढून घेतात. त्यात डोडेकेनथायॉल घालून सोडियम बोरोहायड्राइडचे जलीय द्रावण मिसळतात. टोल्यूइनचा थर गडद तपकिरी होतो. एक ते तीन नॅनोमीटरचे हे कण इतके लहान असतात, की माणकाचा लाल रंग त्यांत उठून दिसत नाही. ते वाळवून भुकटी करता येते आणि ती पुन्हा विरघळवताही येते.

दुसरी रीत स्थलांतराची. कण पाण्यातच तयार करायचे आणि नंतर सेंद्रिय द्रावकात न्यायचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने या विषयावर महत्त्वाचे काम केले. पाण्यातील सुवर्ण कलिल आणि ऑक्टाडेसिलअमाइनयुक्त द्रावक एकत्र जोराने हलवले, की अमाइन कणांवर बसते आणि रंग एका थरातून दुसऱ्या थरात जातो. शास्त्री यांना २००२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

तिसरी रीत पचनासारखी आहे. लहानमोठे कण जादा थायॉलसह टोल्यूइनमध्ये उकळत ठेवले, की मोठे कण झिजतात आणि सारे जवळपास एकाच आकाराचे होतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात ही रीत विकसित झाली. तेथे तिच्यावर काम केलेले डॉ. बी. एल. व्ही. प्रसाद यांनी पुढे पुण्याच्या याच प्रयोगशाळेत अब्जांश कणांवरील संशोधन चालू ठेवले.

टिकाऊपणाची पथ्ये

कलिल बिघडण्याची कारणे बहुधा साधी असतात. काचेच्या भांड्यात जुन्या धातूचा अंश राहिला, तर त्यावरच कण वाढू लागतात. जादा थायॉल काढण्यासाठी इथेनॉलने वारंवार धुतले, तर आवरणही निघून जाते आणि कण पुन्हा विरघळत नाहीत. चांदीचे कण हवा, प्रकाश व गंधकयुक्त वायूंनी काळवंडतात, म्हणून ते गडद बाटलीत, हवाबंद व थंड जागी ठेवावेत. ठराविक दिवसांनी प्रकाशशोषणाचा आलेख काढावा. शिखर तांबड्या रंगाकडे सरकले वा पसरट झाले, तर कण एकत्र येत आहेत असे समजावे.

भट्टीसाठीही तोच धडा

नायट्रिक आम्लातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो आणि त्याचा परिणाम काही तासांनीही उग्र रूप धारण करू शकतो. अम्लराज कधीही झाकणबंद साठवू नये, आणि त्याचा सेंद्रिय द्रावकाशी संपर्क आल्यास स्फोट होऊ शकतो. टोल्यूइनची वाफ नेहमीच्या तापमानालाही पेट घेते. प्रयोगशाळेत यासाठी धूर ओढून घेणारे कपाट अनिवार्य मानतात. पेठेतील कोंदट खोलीत पिढ्यान्‌पिढ्या हेच आम्ल हाताळणाऱ्या कारागिराला मात्र ते क्वचितच लाभते. सोन्याचा कण जपणाऱ्या या विज्ञानाने आधी त्या कारागिराचा श्वास जपला, तर माण-खटाव आणि विट्याच्या घरांना त्याचा खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.