सांध्याचे शास्त्र



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते विज्ञानाचे अध्यापक होते. मी आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवले. दोघांचे प्रांत क्षणभर एकत्र यावेत, असा विषय मी आज योजला आहे. चुंबकक्षेत्रात ठेवताच वीज प्रकट करणाऱ्या संमिश्र पदार्थांचा हा इतिहास होय.

विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. परंतु एकाच स्थिर स्फटिकात हे दोन गुण परस्परांशी बांधलेले असतील काय? सममितीच्या विचारावरून ते शक्य असल्याचे पिएर क्यूरी यांनी १८९४ मध्ये सुचविले. १९५९ मध्ये झ्यालोशिन्स्की यांनी क्रोमियम ऑक्साइडविषयी नेमके भाकीत केले आणि पुढच्याच वर्षी अस्त्रोव्ह यांनी ते प्रयोगाने खरे ठरविले. मात्र परिणाम फारच क्षीण होता.

नवी वाट निघाली ती १९७२ मध्ये, हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत. चुंबकक्षेत्रात काही पदार्थांची लांबी किंचित बदलते, हे जूल यांनी दाखविले होते. दाब दिल्यास काही स्फटिकांवर विद्युतभार प्रकटतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये. व्हान सुख्तेलेन यांनी म्हटले, हे दोन पदार्थ जोडा. चुंबकक्षेत्र पहिल्याला ताणील, पहिला दुसऱ्याला ताणील आणि दुसरा वीज देईल. दोहोंपैकी एकातही नसलेला गुण जोडीत अवतरतो. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला येथे बहुव्रीही समास आठवल्यावाचून राहत नाही. ‘नीलकंठ’ म्हणजे निळा रंग नव्हे, कंठही नव्हे, अर्थ तिसऱ्याचाच.

त्यानंतर या जोडीचे गणित मांडण्याचे प्रयत्न झाले. हर्षे, डॉगर्टी व न्यूनहॅम यांनी १९९३ मध्ये थरांची जाडी, लवचिकता आणि प्रत्येकाचा प्रतिसाद यांवरून मिळणाऱ्या विजेचे सूत्र बसविले. सूत्र देखणे होते. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती, की दोन थर एकमेकांना पूर्णपणे चिकटलेले आहेत.

प्रत्यक्षाने हे गृहीत तपासले. कोबाल्ट फेराइट चुंबकक्षेत्रात निकेल फेराइटपेक्षा अधिक आकुंचन पावते. तेव्हा त्याची जोडी सरस ठरावी, अशी अपेक्षा. शिसे, झिर्कोनियम व टिटॅनियम यांच्या दाबविद्युत द्रव्याशी जोडले असता निकेलचीच जोडी सरस ठरली. २००३ मध्ये बिचुरिन, पेत्रोव्ह आणि श्रीनिवासन यांनी सूत्रात एक नवा अंक घातला. सांधा पूर्ण असेल तर एक, मुळीच नसेल तर शून्य. मोजमापांशी ताडून पाहता निकेलच्या जोडीत तो एकाच्या जवळ आला, कोबाल्टच्या जोडीत बराच खाली राहिला. उणीव कोबाल्टच्या गुणात नव्हती, सांध्यात होती.

मला या इतिहासातील हाच क्षण मोलाचा वाटतो. एकतीस वर्षे ज्याला गुणाकार समजले गेले, त्याच्या मधोमध असलेले गुणाकाराचे चिन्हच मोजायचे राहून गेले होते. समासात पदे जुळली की अर्थ आपोआप येतो. पदार्थात तसे होत नाही. तेथे जोड घडवावी लागते, आणि ती किती घट्ट आहे हे मोजावेही लागते.

दोन भाषांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या शाळेला ते वेगळे सांगायला नको.