अनुयायांचा आकडा : समाजमाध्यमांवरील रूढ समजुतींचा इतिहास

समाजमाध्यमांवर अनुयायी कसे वाढवावेत याविषयीचे जे नियम आज प्रशिक्षणवर्गांतून आणि असंख्य चित्रफितींतून सांगितले जातात, ते केवळ अज्ञानातून जन्मले असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. ठरावीक वेळीच लिहावे, तीस हॅशटॅग द्यावेत, चित्रफीत दहा मिनिटांहून मोठी ठेवावी, आकडा एकदा फुगला की बाकीचे आपोआप जमते, यांपैकी बहुतेक समजुतींच्या मुळाशी कोणत्या तरी मंचाची एखादी खरीखुरी व्यवस्था होती. मंचाच्या चालकांनी ती पुढे बदलली, परंतु तिच्यावर उभी राहिलेली समजूत तशीच राहिली. त्यामुळे या समजुतींना निव्वळ चुका म्हणून बाजूला सारण्याआधी प्रत्येकीचा काळ शोधणे आवश्यक ठरते.

आरंभीच्या मंचांवर अनुयायी ही कल्पनाच नव्हती. १९९७ मधील सिक्सडिग्रीज, २००२ मधील फ्रेंडस्टर आणि जानेवारी २००४ मध्ये सुरू होऊन भारतात व ब्राझीलमध्ये विशेष रुजलेले ऑर्कुट या सर्वांवरील नाते परस्परसंमतीचे होते, म्हणजे एकाने विनंती केली आणि दुसऱ्याने ती मान्य केली तरच दोघे एकमेकांचे मित्र म्हणून नोंदले जात. २००६ मध्ये आलेल्या ट्विटरवर ही अट नव्हती. तेथे कोणीही कोणाच्याही खात्याचे अनुसरण करू शकत असे आणि उलट अनुसरण करण्याचे बंधन कोणावर नव्हते. या एकतर्फी नात्यामुळे खात्यावर दिसणारा आकडा परिचयाचा न राहता प्रतिष्ठेचा झाला. एप्रिल २००९ मध्ये अभिनेता ॲश्टन कुचर आणि सीएनएन ही वृत्तवाहिनी यांच्यात दहा लाख अनुयायी आधी कोण मिळवतो अशी जाहीर चुरस लागली आणि कुचर जिंकला, तेव्हा एका व्यक्तीने एका वृत्तसंस्थेला मागे टाकल्याची भावना जगभर पसरली. मोठा आकडा म्हणजे मोठा प्रभाव ही समजूत या काळात पक्की झाली.

ती पडताळून पाहण्याचा महत्त्वाचा प्रयत्न पुढच्याच वर्षी झाला. संशोधक मीयंग चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ट्विटरवरील पाच कोटींहून अधिक खात्यांचा अभ्यास मांडला, आणि त्याच्या शीर्षकातच दहा लाख अनुयायांच्या कल्पनेला भ्रम म्हटले. प्रभाव मोजण्यासाठी त्यांनी तीन मापे घेतली : खात्याचे अनुयायी किती, त्या खात्याचे लेखन इतरांनी पुढे किती पाठवले, आणि इतरांनी त्या खात्याचा उल्लेख किती वेळा केला. पहिल्या मापात अग्रभागी असलेली खाती उरलेल्या दोन मापांत अग्रभागी असतातच असे नाही, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होता. त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा असूनही कमी सांगितला जातो : प्रभाव अपघाताने मिळत नाही, तर एकाच विषयाला धरून राहण्यासारख्या सातत्याच्या प्रयत्नांतून मिळतो, असे त्यांना आढळले.

तरीही आकड्याचा बाजार भरलाच. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती काढून टाकली, तेव्हा अनेक नामांकितांचे अनुयायी लाखांनी घटले आणि खुद्द इन्स्टाग्रामच्या अधिकृत खात्याने सुमारे १ कोटी ८९ लाख अनुयायी गमावले. जानेवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने डेवुमी या कंपनीचा व्यवहार उघडकीस आणला. किमान ३५ लाख स्वयंचलित खात्यांचा साठा पुन्हा पुन्हा विकून तिने ग्राहकांना २० कोटींहून अधिक अनुयायी पुरवले होते. मुंबईतही जुलै २०२० मध्ये पोलिसांच्या गुन्हे शाखेने बनावट अनुयायांच्या विक्रीचा तपास हाती घेतला. विकत घेतलेला अनुयायी वाचत नाही, पाहत नाही आणि उत्तर देत नाही, त्यामुळे लेखनाची निवड प्रतिसादावरून करणाऱ्या मंचावर तो निरुपयोगी असतो; आणि जाहिरातदाराच्या दृष्टीने तर ही उघड फसवणूक आहे.

प्रतिसादावरून निवड करण्याची ही पद्धत केव्हा आली, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न होय. अनुसरण करणाऱ्या प्रत्येकाला आपले लेखन दिसते, ही समजूत एके काळी बरीचशी खरी होती, कारण ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांवर नवे ते वर आणि जुने ते खाली असा सरळ कालक्रम होता. वाचक जागे असतील त्या घटकेला लिहावे हा सल्ला त्या व्यवस्थेत अगदी योग्य होता. फेसबुकने मात्र सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या हालचालींचा एकत्रित प्रवाह, सुरू केला आणि पुढे त्यातील मजकुराची निवड व क्रम गणिती नियमांवर सोपवला. त्या नियमसंचाला एजरँक असे नाव होते आणि २०१० मध्ये कंपनीने त्याचे तीन मुख्य घटक सांगितले : लिहिणारा व पाहणारा यांच्यातील जवळीक, प्रतिसादाच्या प्रकाराचे वजन, आणि मजकुराचा ताजेपणा. वेळेचे महत्त्व येथे संपले नाही, परंतु ते तिघांपैकी एक झाले.

परिणाम लवकरच दिसला. एखाद्या पानाचे लेखन त्याच्या सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचते, असे फेसबुकनेच २०१२ मध्ये सांगितले होते, आणि पुढील दोन वर्षांत हे प्रमाण आणखी घसरले. २०१४ मध्ये कंपनीने त्याचे कारण दिले : सामान्य वापरकर्ता जेव्हा आपले खाते उघडतो तेव्हा त्याला दाखवता येण्याजोगे सरासरी १५०० मजकूर उपलब्ध असतात आणि त्यांतील सुमारे ३०० च निवडले जातात. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी कुटुंब व मित्र यांच्यातील संवादाला प्राधान्य देण्याची घोषणा केली, तेव्हा केवळ फेसबुकवरील वाचकांवर विसंबलेल्या अनेक प्रकाशनांना मोठा फटका बसला. ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनीही २०१६ मध्ये कालक्रम सोडून निवडीचा मार्ग धरला. पोहोच घटली की लेखक स्वतःला दोष देतो किंवा अधिक वेळा लिहू लागतो. परंतु या कालखंडातील घट पुष्कळदा त्याच्या लेखनातून आलेली नव्हती, ती व्यवस्थेतील बदलातून आली होती.

हॅशटॅगची कथा लहान आहे. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी एका विषयावरील लेखन एकत्र सापडावे म्हणून ही खूण सुचवली, आणि तिचे मूळ काम वर्गीकरणाचे होते. इन्स्टाग्रामने गैरवापर रोखण्यासाठी घातलेली तीस खुणांची कमाल मर्यादा लोकांनी उद्दिष्ट मानली, आणि मर्यादेचा नियम झाला.

यूट्यूबवरील दहा मिनिटांची समजूत याहून बोधप्रद आहे. २०१२ पर्यंत तेथे चित्रफीत किती वेळा उघडली गेली याला मोठे महत्त्व होते, म्हणून भडक मथळे आणि फसवी मुखचित्रे यांचा सुळसुळाट झाला. त्या वर्षी कंपनीने पाहण्यात घालवलेल्या वेळेला अधिक वजन दिले. दहा मिनिटांचा आकडा मात्र शिफारशीच्या व्यवस्थेतून आलेलाच नाही. चित्रफितीच्या मध्येच जाहिराती घालण्याची मुभा दहा मिनिटांहून मोठ्या चित्रफितींना होती, आणि जुलै २०२० मध्ये ती मर्यादा आठ मिनिटांवर आली. म्हणजे उत्पन्नाचा एक नियम लोकप्रियतेचा नियम म्हणून शिकवला गेला, आणि त्यापायी पाच मिनिटांत सांगता येणारे विषय उगाच ताणले गेले.

चांगले असेल ते आपोआप वर येते, ही समजूत या सर्वांत सोज्ज्वळ आहे, तरी तीही अपुरी आहे. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांसमोर ४८ अपरिचित गाणी ठेवली आणि त्यांना वेगवेगळ्या गटांत विभागले. इतरांनी कोणती गाणी उतरवून घेतली हे ज्या गटांत दिसत होते, तेथे लोकप्रियतेतील विषमता वाढली आणि प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी वर गेली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि वाईट गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत, परंतु मधल्या गाण्यांचे काय होईल हे सांगणे अशक्य झाले. यशस्वी खात्याची नक्कल करून यश मिळत नाही, याचे याहून स्वच्छ स्पष्टीकरण क्वचितच सापडेल.

शेवटची समजूत मालकीची आहे, म्हणजे जमवलेले अनुयायी आपलेच असतात ही, आणि तिची किंमत महाराष्ट्राने प्रत्यक्ष मोजली. टिकटॉक या लघुचित्रफितींच्या मंचावर शिफारस ठरवताना अनुयायांची संख्या हा थेट घटक नसतो, असे कंपनीने जून २०२० मध्ये जाहीर केले होते. या व्यवस्थेमुळेच ओळखपाळख, महागडी साधने किंवा प्रमाण भाषेचा सराव नसलेल्या ग्रामीण मराठी कलाकारांनाही तेथे मोठा प्रेक्षकवर्ग लाभला होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्सची सुविधा आणली आणि यातील अनेक जण तिकडे वळले, पण त्यांना मोजणी नव्याने सुरू करावी लागली. अनुयायांसह खाते एका कंपनीच्या मंचावरून दुसऱ्या कंपनीच्या मंचावर नेण्याची सोय तेव्हा टिकटॉकवर नव्हती, आणि ती आजही इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर नाही.